साठ वर्षं एकाच मैदानावर: मिनेसोटाचे जॉन गलार्डी

रानवारा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त सामने कुणी जिंकले असं विचारलं, की इथली माणसं अलाबामा, पेन स्टेट, फ्लोरिडा स्टेट अशी मोठमोठी नावं घेतात. लाखभर प्रेक्षक मावतील अशी स्टेडियमं, टीव्हीचे करार, राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त पगार घेणारे प्रशिक्षक. विक्रम मात्र यांच्यापैकी कुणाच्याच नावावर नाही. मिनियापोलिसहून हायवेनं वायव्येला तासा-सव्वातासावर कॉलेजव्हिल म्हणून ठिकाण आहे. तिथे एका बेनेडिक्टाइन मठाच्या आवारात सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी नावाचं मुलग्यांचं छोटं कॉलेज आहे. विक्रम तिथल्या जॉन गलार्डींचा. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ सामने बरोबरीत. पहिली चार वर्षं मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात आणि मग १९५३ ते २०१२ अशी सलग साठ वर्षं सेंट जॉन्समध्ये.

कॉलेजव्हिलच्या शेजारच्या सेंट क्लाउडला राहायला आल्यापासून मी त्यांचे सामने बघत आलो. मराठीत त्यांच्याबद्दल कुठे काही वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबणार आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. समोरचे अंगावर धडकून, कवळ घालून, खाली पाडून अडवतात. त्याला टॅकल म्हणायचं. एवढं पुरे, कारण गलार्डींचं वेगळेपण या टॅकलपासूनच सुरू होतं.

जन्म १ नोव्हेंबर १९२६, कोलोरॅडोमधल्या त्रिनिदादचा. कोळशाच्या खाणींचं गाव. घरचे इटलीहून आलेले, वडील लोहारकाम करायचे आणि पुढे गाड्यांच्या बॉडीचं गॅरेज चालवायचे. १९४३ साली महायुद्ध ऐन भरात असताना शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला सैन्यात जावं लागलं. शाळा संघच बंद करायच्या विचारात होती. संघाचा कर्णधार होता सोळा वर्षांचा जॉन. तो म्हणाला, मी बघतो संघाचं. आणि त्यानं खरंच बघितलं, स्वतः खेळत खेळत.

हातात सूत्रं आल्यावर त्या पोरानं पहिल्यांदा काय केलं? स्वतःला जे जे नकोसं वाटायचं ते सगळं बंद केलं. उकिडवं बसून बदकासारखं चालायला लावणं बंद. दमेपर्यंत मैदानाच्या फेऱ्या बंद. सरावात पाणी प्यायची बंदी होती, तीही उठवली. त्या काळी भर उन्हात तहान मारून खेळलं की पोरं कणखर होतात असं मोठमोठे प्रशिक्षक मानत. सोळा वर्षांच्या मुलाला ते पटलं नाही, कारण तहान त्याला स्वतःला लागलेली होती. पुढच्या सत्तर वर्षांत त्यांनी जे केलं त्याचं बी मला इथे दिसतं.

१९४९ मध्ये कोलोरॅडो कॉलेजातून पदवी घेऊन ते मोंटानातल्या हेलेनाला कॅरोल कॉलेजात गेले. लहान कॉलेज, त्यामुळे फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल सगळं यांच्याच गळ्यात. फुटबॉलमध्ये चार वर्षांत २४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी. १९५३ मध्ये सेंट जॉन्सनं बोलावलं तेव्हा वय सव्वीस. त्यांच्या आधी तिथे ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचा गाजलेला खेळाडू जॉनी ब्लड मॅक्नॅली प्रशिक्षक होता. इथे कुणालाच जिंकता यायचं नाही, असं तो आपल्याला सांगून गेल्याचं गलार्डी नंतर सांगत. पहिल्याच हंगामात त्यांनी कॉन्फरन्सचं (आपसात खेळणाऱ्या आसपासच्या कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद आणलं. पुढे अशी एकूण २७ झाली. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी कॉलेजच्या आइस हॉकी संघालाही शिकवलं, म्हणजे कोलोरॅडोच्या खाणीकडच्या माणसानं मिनेसोटाच्या पोरांना हॉकी.

लहान कॉलेजांच्या स्पर्धेतली राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३.

आता त्यांची पद्धत. ते 'नाही'ची यादी ठेवत, आणि ती वर्षागणिक वाढत गेली. सरावात टॅकल नाही. ढकलायच्या जड लोखंडी गाड्या नाहीत. शिट्टी नाही. आरडाओरडा नाही. ९० मिनिटांपेक्षा जास्त सराव नाही. जिमची सक्ती नाही. फार ऊन, फार थंडी, पाऊस किंवा डास असतील तर बाहेर सराव नाही (मिनेसोटातले डास ज्यांना चावलेत त्यांना याचं मोल कळेल). नव्या मुलांची रॅगिंग नाही. दुखापत झाली म्हणून कुणाला टोचून बोलणं नाही. खेळाडूंचं वेगळं हॉस्टेल नाही, वेगळी मेस नाही. संघात यायचंय त्याला 'तू नको' म्हणणं नाही. आणि त्यांना कुणी 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं 'जॉन'. अठरा वर्षांच्या पोरानं ऐंशीच्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारायची. माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, सत्तरच्या दशकात त्यांच्या हाताखाली खेळलेले. तेही आजवर जॉनच म्हणतात, आणि त्या नुसत्या 'जॉन'मध्ये जेवढा आदर ऐकू येतो तेवढा मला 'सर, सर'मध्ये क्वचितच ऐकू आलाय.

नियम एकच: लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण लोकांशी वागायचं.

त्यांच्या सरावाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वॉर्म-अपच्या वेळी सगळा संघ पाठीवर आडवा होतो, गवतात, आकाशाकडे तोंड करून. मग एकमेकांना सांगायचं, काय सुंदर दिवस आहे! हा त्यांच्या सरावाचा अधिकृत भाग. शेजारच्या कॉलेजात त्याच वेळी पोरं घामाघूम होऊन एकमेकांवर आदळत असायची. ऑक्टोबरात तिथली मेपलची झाडं लाल-केशरी झालेली असतात, मागे पाइनचं रान, त्यापलीकडे तळं. तो दिवस सुंदर असतोच, हे मी स्वतः पाहून सांगतो.

आता २००३. ते वर्ष मला त्यांच्या कारकिर्दीचं शिखर वाटतं. ग्रॅम्बलिंग स्टेटचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम होता. ८ नोव्हेंबरला घरच्या क्लेमेन्स स्टेडियमवर बेथेल कॉलेजविरुद्ध २९-२६ असा अटीतटीचा सामना जिंकून गलार्डी ४०९ वर गेले. तेरा हजारांवर माणसं होती. कॉलेजात मुलं मोजून दोन हजारांच्या आत-बाहेर. इथवर येऊन पंचाहत्तरी उलटलेला माणूस थांबला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण संघ पुढे जिंकतच गेला आणि २० डिसेंबरला व्हर्जिनियातल्या सेलमला अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर ओहायोचं माउंट युनियन, लागोपाठ ५५ सामने जिंकून आलेलं. तीन वर्षांपूर्वी, २००० च्या अंतिम सामन्यात, याच माउंट युनियननं शेवटच्या क्षणी किक मारून १०-७ असं हरवलं होतं. या वेळी सेंट जॉन्स २४-६ नं जिंकलं. माउंट युनियन गोलरेषेपाशी येऊन ठेपलं असताना आपल्या बचावपटूनं चेंडू मधेच पकडला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, १०० यार्ड, पळत नेला. (आपल्या म्हणतोय, कारण तोवर मी पुरता सेंट जॉन्सवाला झालो होतो.)

तेव्हा जॉन ७७ वर्षांचे होते. त्यानंतरही ते आणखी नऊ हंगाम राहिले. २००६ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं ते काम चालू असतानाच. तोवर हा मान निवृत्तांनाच मिळायचा. ७ ऑक्टोबर २०१८ ला ते गेले, वय ९१.

मला मनापासून वाटतं ते सांगतो. मुलांना हाणल्या-मारल्याशिवाय, अपमान केल्याशिवाय खेळ शिकवता येत नाही हे आपण सगळीकडे ऐकतो. या माणसानं सर्वांत धसमुसळ्या खेळात साठ वर्षं ते न करता दाखवलं, आणि जिंकून दाखवलं. तुम्हाला काय वाटतं?

---

शिदोरी

सुंदर लिहिलंयत. पूर्ण वाचलं, दोनदा.

एक शंका. सरावात टॅकल केलंच नाही तर शनिवारी सामन्यात पोरांना ते जमतं कसं? बोलिंग न करता बोलर तयार व्हावा असं वाटतंय मला.

---

रानवारा

@शिदोरी, हाच प्रश्न त्यांना साठ वर्षं विचारला गेला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माझ्याकडे येणारा मुलगा शाळेत चार-पाच वर्षं खेळून आलेला असतो, खाली पाडायचं कसं ते त्याला येतं. सामन्यात टॅकल चुकतो तो बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नाही, माणूस चुकीच्या जागी उभा असतो म्हणून. तेव्हा वेळ कशावर घालवायचा? समोरचा संघ कसा उभा राहिला की पुढे काय करणार हे ओळखण्यावर, आणि योग्य जागी एक पाऊल आधी पोचण्यावर. सरावात पळत जायचं, चेंडू घेतलेल्यापाशी पोचायचं आणि तिथे थांबायचं. पाडायचं नाही.

आणि हल्ला करणाऱ्या बाजूचा सराव बघण्यासारखा असायचा. एकच चाल पुन्हा पुन्हा. एकाचं पाऊल वाकडं पडलं की सगळे परत जागेवर. ओरडणं नाही, पण सूटही नाही. अंगाला मार नसल्यामुळे पोरं थकत नाहीत, जखमी होत नाहीत, म्हणून तीच चाल आणखी दहा वेळा करता येते. लोकांना त्या 'नाही'च्या यादीमुळे वाटतं की सगळा आरामाचा मामला असणार. त्या ९० मिनिटांत फुकट गेलेलं एक मिनिट दाखवून द्या, असं आमचे ऑफिसातले गृहस्थ म्हणतात.

---

घाटवाट

मी ओहायोत राहतो, त्यामुळे माउंट युनियनच्या बाजूनं बोलणारा कुणीतरी हवाच.

गलार्डींबद्दल आदर आहे. पण ४८९ हा आकडा मुख्यतः दीर्घायुष्याचा आहे. चौसष्ट हंगाम शिकवलं तर आकडा मोठा होणारच. आमच्या माउंट युनियनचे प्रशिक्षक लॅरी केरेस यांचं बघा: १९८६ ते २०१२, ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं अकरा! शंभरातले जवळजवळ ९३ सामने जिंकलेत. गलार्डींचं हेच प्रमाण साडेसत्त्याहत्तर. कारकीर्द म्हणून मोठी कुणाची?

दुसरं, सेंट जॉन्सला जागेचा फायदा आहे. मिनेसोटात कॅथलिक शाळा भरपूर, त्यातली चांगली खेळणारी पोरं आपसूक तिथे जातात, बाप गेला म्हणून मुलगा जातो. कुणालाही नाही म्हणायचं नाही म्हणजे संघात दीडशेच्या वर पोरं. त्यातून अकरा निवडणं आणि साठातून अकरा निवडणं यात फरक आहे.

---

रानवारा

@घाटवाट, केरेसांचा आकडा अचाट आहेच, त्यात वादच नाही.

पण बाप गेला म्हणून मुलगा जातो हा फायदा कॉलेजला आयता मिळालेला नव्हता. १९५३ मध्ये तिथे जिंकायची परंपरा नव्हती. बाप तिथे चार वर्षं सुखानं खेळला, म्हणून त्यानं मुलाला पाठवलं. हा वारसा गलार्डींनीच तयार केला. आणि दीडशे पोरं संघात ठेवणं हा निवडीचा फायदा असेल, पण त्यातली शंभर कधीही मुख्य सामना खेळणार नसतात. चार वर्षं रोज सरावाला येतात, घरच्या मैदानावर लाल जर्सी घालून कडेला उभी राहतात, आणि तरी सोडून जात नाहीत. डिव्हिजन तीनमध्ये (सेंट जॉन्ससारख्या लहान कॉलेजांच्या गटात) खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, म्हणजे त्यांना बांधून ठेवणारा एक पैसाही नाही. उलट फी भरून येतात.



---

अबोली

मी न्यू जर्सीत फिजिओथेरपिस्ट आहे, शाळा-कॉलेजातले खेळाडू रोज हाताखालून जातात. विजय-पराभवाच्या हिशेबात मला गती नाही, पण हा माणूस माझ्या क्षेत्राच्या किती पुढे होता ते सांगायलाच हवं.

आधी पाण्याचं. रानवारा मिनेसोटात आहेत म्हणून आठवलं. तिथल्याच मँकेटोला २००१ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात कोरी स्ट्रिंगर नावाचा सत्तावीस वर्षांचा दांडगा खेळाडू उष्माघातानं कोसळला आणि १ ऑगस्टला गेला. २०१८ मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीत जॉर्डन मॅक्नेअर, वय एकोणीस. तोही उष्माघातच, तोही सराव. फार ऊन असेल तर सराव नाही हा गलार्डींचा नियम वाचायला मऊ वाटतो. या दोन पोरांच्या आयांना विचारा.

मग डोक्याचं. डॉ. बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये माइक वेबस्टर या व्यावसायिक खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार आदळण्यानं होणारा मेंदूचा झिजाऊ आजार समोर आला. २०१७ च्या बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) खेळलेल्या १११ मृत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत तो सापडला. यात एक लक्षात घ्यायला हवं: ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, बहुतेकांना लक्षणं दिसत होती म्हणूनच, तेव्हा सगळ्या खेळाडूंना हेच प्रमाण लावता येत नाही. पण धोका एका मोठ्या धडकेचा जेवढा, तेवढाच रोजच्या बारीकसारीक, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या हजारो धडकांचा आहे, हे आता बहुतेक मान्य झालंय. आणि या हजारो धडका होतात कुठे? सामना आठवड्यातून एक. सराव चार-पाच दिवस.

म्हणून २०१० मध्ये डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणं बंद केलं. तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी पळणारा रोबो-पुतळा बनवला, टॅकल करायचं ते त्याला. लोकांनी वेड्यात काढलं, पण २०१५ मध्ये डार्टमथ आयव्ही लीगच्या (आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटाच्या) विजेत्यांत होतं. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात पूर्ण ताकदीचं टॅकल बंद करायचं एकमतानं ठरवलं. एनएफएलनं २०११ च्या करारात पूर्ण पॅड (अंगावरची संरक्षक कवचं) घालून होणाऱ्या सरावांना हंगामभरात १४ ची मर्यादा घातली. कॉलेजांतला दिवसातून दोनदा सराव २०१७ मध्ये बंद झाला.

सगळ्यांनी मोठमोठे अहवाल वाचून हे केलं. गलार्डींकडे अहवाल नव्हता. पोरांना दुखतंय हे त्यांना दिसत होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं वाटलं. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते आहे.

---

मधला_बाक

अबोलीताई, पाण्याचं वाचून राहवलं नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात शाळेकडून कबड्डी खेळायचो. मार्च-एप्रिलच्या उन्हात सराव, आणि धावून आल्यावर पाणी प्यायचं नाही हा दंडक. पोटात दुखतं, दम लागतो, असं सांगायचे. माठ मैदानाच्या कडेला झाडाखाली, झाकण लावलेला, आम्हाला दिसेल असा. एक मुलगा चक्कर येऊन पडला तेव्हा त्याच्या तोंडावर पाणी मारलं, प्यायला दिलं नाही. आमचे सर वाईट नव्हते. त्यांना त्यांच्या सरांनी तेच शिकवलेलं. पण एका सोळा वर्षांच्या पोराला १९४३ मध्ये जे कळलं ते आमच्याकडे नव्वदच्या दशकातही कळलेलं नव्हतं, हे वाचून गलबललं. आता मी गावी गेलो की शाळेच्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या दिसतात. बरं वाटतं.

---

घाटवाट

अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून माझा आकड्यांचा हिशेब मागे घेत नाही, पण तो बाजूला ठेवायला तयार आहे. पद्धतीच्या बाबतीत गलार्डी काळाच्या पुढे होते, मान्य.

एका गोष्टीबद्दल मात्र रानवारांनी हात राखून लिहिलंय. शेवटची वर्षं. सेंट जॉन्सचा जुना प्रतिस्पर्धी सेंट थॉमस २०१० पासून त्यांना हरवत होता. गलार्डींच्या शेवटच्या हंगामात, २०१२ मध्ये, सेंट जॉन्स ५-५ (पाच विजय, पाच पराभव), आणि त्याच वर्षी सेंट थॉमस राष्ट्रीय अंतिम सामन्यात (तिथे आमच्या माउंट युनियनकडून हरलं, ते असो). ८६ वर्षांच्या माणसानं आधीच बाजूला व्हायला हवं होतं का? अमेरिकेत हा प्रश्न मोठा आहे. पेन स्टेटचे जो पटर्नो ४६ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचे मुलांवरचे लैंगिक अत्याचार २०११ मध्ये उघडकीला आले तेव्हा लोकांनी विचारलंच, की एकाच माणसाभोवती सगळी संस्था फिरू लागली की त्याला प्रश्न कोण विचारणार? गलार्डींची तुलना त्या प्रकरणाशी करत नाही, अजिबात नाही. प्रश्न फक्त इतकी वर्षं एका खुर्चीत बसण्याचा आहे.

---

रानवारा

@घाटवाट, प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही.

शेवटच्या तीन-चार वर्षांत संघ मागे पडला हे खरं. सेंट थॉमसनं २००८ मध्ये ग्लेन करूसो नावाचा तरुण प्रशिक्षक आणला, तो पोरं शोधायला राज्यभर हिंडायचा. ८५ वर्षांच्या माणसाला ते झेपणारं नव्हतं. मैदानावर आजूबाजूला बसलेली माणसं, जन्मभर सेंट जॉन्सचे पाठीराखे, हळू आवाजात म्हणायची की आता पुरे. मलाही २०११ मध्ये तसंच वाटत होतं. मी असतो तर २००३ च्या डिसेंबरात थांबलो असतो.

पण त्यांना ते काम शिखरं गाठण्यासाठी करायचंच नव्हतं, असं मला वाटतं. ज्याला रोज दुपारी मैदानावर पोरांबरोबर दीड तास घालवणं हेच आवडतं, त्याला थांबायची योग्य वेळ कोणती? विक्रमाच्या दिवशी थांबणं हे विक्रमासाठी काम करणाऱ्याचं लक्षण. ५-५ च्या हंगामानंतर थांबले याचं मला वाईट वाटत नाही.

खुर्चीबद्दल एक फरक लक्षात घ्या. ज्या संस्थेत त्यांना नावानं हाक मारायची पद्धत होती, जिथे संघाचं वेगळं हॉस्टेल नाही, जेवण सगळ्यांबरोबर, पैसा नाही, तिथे प्रशिक्षकाचं साम्राज्य उभं राहायला जागाच कमी असते. मठातले साधू कॉलेजात शिकवतात, आवारात फिरतात, स्वतःचा तपकिरी पाव भाजतात, सामन्याला येऊन बसतात. फुटबॉल हा त्या जगातला एक कोपरा. पेन स्टेटमध्ये फुटबॉल हेच जग होतं.

त्यांच्यानंतर गॅरी फॅशिंग प्रशिक्षक झाले, गलार्डींचेच जुने सहकारी, आणि संघ पुन्हा जिंकू लागला. सेंट थॉमस तर इतकं वरचढ झालं की बाकीच्या कॉलेजांनी त्यांना कॉन्फरन्सबाहेर काढलं, २०२१ पासून ते थेट डिव्हिजन एकमध्ये, मोठ्या विद्यापीठांच्या गटात, खेळतंय.

---

शिदोरी

मला अजून एक विचारायचंय. असे प्रशिक्षक आणखी झाले का, की हे एकटेच?

---

घाटवाट

@शिदोरी, एक नक्की सांगतो. वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक लुथरनचे फ्रॉस्टी वेस्टरिंग. ३०५ विजय, चार राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं १९९९ मध्ये. तेही आरडाओरड्याच्या विरोधातले. २०१३ मध्ये गेले. गंमत म्हणजे गलार्डी आणि वेस्टरिंग दोघंही छोट्या, धार्मिक पार्श्वभूमीच्या कॉलेजांत. मोठ्या विद्यापीठांत ही पद्धत का रुजली नाही, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण माझा अंदाज असा की तिथे प्रशिक्षकाला तीन वर्षांत निकाल दाखवावा लागतो. तीन वर्षं हरलं की हाकलतात. घाबरलेला माणूस दुसऱ्यांना घाबरवून काम करून घेतो.

---

सुपारीवाडी

धागा शोधत नव्हते, अचानक समोर आला आणि वाचतच बसले. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मुलगा चौदाचा, हायस्कूलच्या फुटबॉल संघात जायचंय म्हणून हट्ट धरून बसलाय. नवऱ्याला वाटतं जाऊ दे. मला डोक्याच्या दुखापतीची भीती वाटते. टेक्ससमध्ये हा खेळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच, शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तिथे. गलार्डींसारखा प्रशिक्षक इथे कुठे मिळणार? मी काय करू?

---

अबोली

@सुपारीवाडी, खेळू दे की नको हे मी सांगणार नाही, तो तुमच्या घराचा निर्णय. पण हो म्हणण्याआधी शाळेच्या प्रशिक्षकांना भेटा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

टेक्ससमध्ये २०१३ पासून नियम आहे: हंगाम चालू असताना एका खेळाडूला आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव ९० मिनिटांपेक्षा जास्त देता येत नाही. तुमच्या शाळेत प्रत्यक्षात किती होतो आणि त्याची नोंद कोण ठेवतं, ते विचारा. मैदानावर सरावाच्या वेळी प्रशिक्षित अॅथलेटिक ट्रेनर हजर असतो का? फक्त सामन्याला नव्हे, सरावाला. ऑगस्टमध्ये उष्णता मोजून सराव रद्द करायची मर्यादा ठरलेली आहे का, आणि बर्फाच्या पाण्याचा टब तिथे भरून ठेवलेला असतो का? उष्माघातात आधी तिथल्या तिथे थंड करायचं आणि मग अॅम्ब्युलन्सनं हलवायचं असतं, ती मिनिटंच जीव वाचवतात. आणि डोक्याला लागलं असा संशय जरी आला तरी मुलाला त्या दिवशी परत खेळवत नाहीत ना?

या प्रश्नांवर प्रशिक्षक चिडले तर तेवढ्यावरूनच बरंच कळेल.

---

रानवारा

अबोलीताईंच्या यादीत माझी एक भर. सरावाला एकदा न सांगता जा आणि कुंपणाबाहेर अर्धा तास उभ्या राहा. ज्या मुलांना सामन्यात कधीच उतरवत नाहीत, त्यांच्याशी प्रशिक्षक कसे बोलतात ते ऐका. चांगल्या खेळाडूशी सगळेच नीट बोलतात.

---

सुपारीवाडी

मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात शाळेत पालकांची भेट आहे, अबोलीताईंचे प्रश्न लिहून घेतलेत. मुलालाही हा धागा वाचून दाखवला. त्याला गवतात झोपायचा सराव आवडला. सराव बघायला जाऊन आले की इथेच लिहीन.